शेजारच्या टेबलावरचं पिनियन

रविवारी ट्रॅकवर गेलीस की पहिल्या तासाभरातच कुणीतरी तुझ्या टेबलाशी येईल. तुझी रिमोटवरची बग्गी उचलून मागच्या बाजूने बघेल आणि म्हणेल, "अगं, एवढंसं पिनियन? तीस दाती लाव, मग बघ कशी पळते!" तो मनाने चांगलाच असेल, मदत करावी म्हणूनच बोलत असेल. कदाचित त्याची गाडी तुझ्या गाडीपेक्षा वेगातही असेल. तरी धाकटे, त्याला "बघते हं" म्हण आणि पिनियन बदलू नकोस. का, ते सांगायलाच आज बसले आहे.

नवीन आलेल्या मुलीच्या टेबलावर सल्ले जरा जास्तच येऊन पडतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. सांगणाऱ्याचा आवाज मोठा असला की आपलं गणित आपल्यालाच खोटं वाटू लागतं. म्हणून गणित घरूनच पक्कं करून जा. फार नाही, एक भागाकार आणि एक गुणाकार.

मोटरच्या शाफ्टवर बसतं ते पिनियन. ते ज्या मोठ्या प्लास्टिकच्या गिअरला फिरवतं तो स्पर. स्परच्या पुढे, गिअरबॉक्सच्या आत आणखी गिअर असतात. त्यांचं गुणोत्तर कंपनीने ठरवून दिलेलं असतं, ते आपण बदलत नाही. तुझी गाडी असोसिएटेड कंपनीच्या बी६ घराण्यातली, तिच्यात ते २.६० आहे. आता स्परच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भाग आणि आलेल्या उत्तराला २.६० ने गुण. तुझा स्पर ७२ दाती. पिनियन २६ लावलंस तर ७२ भागिले २६ म्हणजे २.७७, त्याला २.६० ने गुणलं की ७.२०. म्हणजे मोटर ७.२० वेळा फिरेल तेव्हा मागचं चाक एकदा फिरेल. याला ट्रॅकवर सगळे एफडीआर म्हणतात. हा आकडा मोठा तर गाडीला ओढ जास्त आणि टोकाचा वेग कमी. लहान तर उलट. पिनियन मोठं केलं की एफडीआर लहान होतो, इथे सुरुवातीला सगळ्यांचाच गोंधळ उडतो, तेव्हा वहीच्या पहिल्याच पानावर हे लिहून ठेव. आणि त्याच पानावर तुझ्या ७२ च्या स्परचे आकडेही उतरवून घे: २६ ला ७.२०, २७ ला ६.९३, २८ ला ६.६९, २९ ला ६.४६, ३० ला ६.२४.

आता बघ हं. एकाने ६९ च्या स्परवर २६ लावलंय, दुसऱ्याने ७२ वर २७, तिसऱ्याने ७५ वर २८. तिघंही तुला वेगवेगळं पिनियन सांगतील, आणि तिघांचाही एफडीआर ६.९० ते ६.९६ च्या मध्येच येईल. गाड्या जवळपास सारख्याच पळतील. उलट दुसऱ्या कंपनीच्या गाडीत आतलं गुणोत्तरच वेगळं असतं, तेव्हा तिथलं तीस म्हणजे तुझं तीस नव्हेच. म्हणून कुणी नुसता पिनियनचा आकडा सांगितला तर एकच प्रश्न विचार: "तुमचा एफडीआर किती?" हा प्रश्न विचारलास की बोलणं निराळ्याच पातळीवर सुरू होतं, अनुभव घेऊन बघ. ज्याला तो ठाऊक आहे त्याच्यापाशी पाच मिनिटं बस. त्याच्याकडून शिकण्यासारखं असतं.

आणि पुढचा प्रश्न टायरचा. मागचा टायर नवा असताना साधारण ८४ मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे त्याचा घेर २६४ मिलिमीटर. याला एफडीआरने भागलं की मोटरच्या एका फेऱ्यात गाडी किती पुढे सरकते ते कळतं. ७.२० ला सुमारे ३७ मिलिमीटर, ६.२४ ला ४२. या मापाला रोलआउट म्हणतात आणि खरं तर एफडीआरपेक्षाही ते जास्त खरं बोलतं, कारण त्यात टायर धरलेला असतो. मुरमाच्या ट्रॅकवर टायर भराभर झिजतात. ८४ चा टायर ८१.५ वर आला की तीन टक्के गेले, म्हणजे जवळजवळ एक दाता कमी केल्यासारखंच झालं. गाडी तीच, पिनियन तेच, आणि सरळ पट्ट्यावर मात्र मागे पडायला लागली की मुलं मोटरवर संशय घेतात. तू आधी व्हर्नियर काढ आणि टायर मोज.

तुझी मोटर १७.५ टर्नची. तिचा केव्ही, म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला होणारे फेरे, २४०० धरला, तर ७.४ व्होल्टच्या लायपोवर बिनओझ्याची ती मिनिटाला १७,७६० फेरे घेईल. ७.२० वर त्याचे ताशी ३९ किलोमीटर होतात, ६.२४ वर ४५. कागदावरचे हे सहा किलोमीटर फार मोहात पाडतात. पण ट्रॅकवर ओझं असतं. टायरचं घर्षण, वारा, मुरमात रुतणारं चाक, वळणातून बाहेर पडताना जवळपास थांबलेली गाडी. मोटर त्या १७,७६० पर्यंत कधी पोचतच नाही. आणि कागदावर मिळालेल्या त्या सहा किलोमीटरची किंमत म्हणून चाकाशी मिळणारी ओढ तेरा टक्क्यांनी घटते. तुझ्या ट्रॅकवर सरळ पट्टा एकच आणि वळणं डझनभर असतील, तर एका पट्ट्यावर कमावलेलं बारा ठिकाणी परत द्यावं लागतं.

मला मात्र वेगाहून जास्त काळजी उष्णतेची आहे. हा भाग जरा सावकाश ऐक.

मोटरची ओढ करंटवर अवलंबून असते. जास्त ओढ हवी तर जास्त करंट. आणि तांब्याच्या तारेत निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: करंट दुप्पट, तर उष्णता चौपट. मोटर आपल्या बिनओझ्याच्या वेगाच्या निम्म्यावर फिरत असते तेव्हा ती जास्तीत जास्त शक्ती देते, पण त्याच वेळी बॅटरीतून आलेल्या शक्तीतली निम्मी उष्णतेत जाते. त्याहून हळू फिरली तर निम्म्याहूनही जास्त जाते. वरच्या फेऱ्यांवर आली की हा तोटा पुष्कळ कमी होतो. म्हणजे मोटर जितकी मोकळेपणाने फिरेल तितकी ती थंड. मोठं पिनियन लावून तू तिला हळू फिरत जास्त ओढायला लावतेस. एसटीचा ड्रायव्हर घाट लागायच्या आधीच गिअर उतरवतो, वरच्या गिअरमध्ये इंजिन रखडू देत नाही, तसंच हे. फरक इतकाच की तुझ्या बग्गीला गिअर बदलायची सोय नाही, त्यामुळे घाटही आणि सपाटीही एकाच गिअरमध्ये काढायची आहे.

तापलेल्या मोटरचं पुढे काय होतं? आतल्या रोटरवर निओडिमियमचं चुंबक असतं. ते एका मर्यादेपलीकडे तापलं की त्याचं चुंबकत्व कमी होतं, आणि त्यातलं काही गार झाल्यावरही परत येत नाही. चुंबक अशक्त झालं की गंमत अशी होते की मोटरचे बिनओझ्याचे फेरे वाढतात. टेबलावर ती जास्त जोरात फिरल्यासारखी वाटते, मुलं खूश होतात. पण तेवढ्याच ओढीसाठी तिला आता जास्त करंट लागतो, म्हणून ती अजून तापते, आणि चुंबक अजून उतरतं. म्हणून सेकंडहँड मोटर "एकदम फास्ट आहे" असं सांगून कुणी देऊ लागलं, तर घेऊ नकोस. तिच्यात काय जळलंय ते वरून दिसत नाही.

इथे एक जुनी गोष्ट सांगायचा मोह होतोय. असोसिएटेडची पहिली आरसी१० आली १९८४ साली, सोनेरी ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमच्या चेसिसची. तेव्हा ब्रशवाल्या मोटरी आणि सहा सेलची, ७.२ व्होल्टची निकॅड बॅटरी, १२०० एमएएचची. शर्यत चार-पाच मिनिटांची. त्या काळी पिनियन निवडताना पहिला प्रश्न असायचा तो बॅटरी शेवटच्या लॅपपर्यंत पुरेल का. मोठं पिनियन लावलं की पहिली दोन मिनिटं गाडी उडायची आणि शेवटच्या मिनिटाला ट्रॅकच्या मध्येच मरगळायची. बॅटरीच चालकाला शिस्त लावायची. आता तुझ्याकडे चार-पाच हजार एमएएचची लायपो आहे. १७.५ च्या मोटरला पाच मिनिटांच्या शर्यतीनंतरही तिच्यात बरंच शिल्लक राहतं. म्हणजे चूक केली तरी गाडी थांबत नाही, ती पळतच राहते, आणि सगळा भुर्दंड मोटर गुपचूप सोसते. जुन्या लोकांना गाडी स्वतःहून सांगायची. तुला थर्मामीटर लावून विचारावं लागेल.

ते विचारायचं कसं, तेही सांगते. इन्फ्रारेड थर्मामीटर घे, बंदुकीसारखा असतो तो. पण मोटरच्या चकचकीत ॲल्युमिनियमवर रोखून बटण दाबलंस तर तो खोटं सांगेल, खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवेल, कारण चकचकीत धातू उष्णता नीट बाहेर फेकत नाही, आजूबाजूचीच परावर्तित करतो. मोटरच्या कॅनवर काळ्या इन्सुलेशन टेपचा नखाएवढा तुकडा चिकटव आणि कायम तिथेच मोज. जागा तीच, अंतर तेच. गाडी थांबल्या थांबल्या एकदा मोज आणि मिनिटभराने पुन्हा, कारण आतल्या तारांची उष्णता कॅनपर्यंत यायला वेळ लागतो आणि आकडा थांबल्यावरही चढतो. चढलेला आकडा वहीत लिही.

माझी स्वतःची रेघ ७० अंशांवर आहे. ७० ला मी पिनियन वाढवणं थांबवते. ७५ दिसले तर एक दाता कमी करते. ८० च्या पुढे गाडी ट्रॅकवर उतरवतच नाही. तुझ्या मोटरच्या कागदावर कंपनीने यापेक्षा कमी मर्यादा दिली असेल तर तीच पाळ, माझं ऐकू नकोस.

आणि ही आपल्याकडची गोष्ट विसरू नकोस. तू जे व्हिडिओ बघतेस, जे सेटअपचे कागद उतरवून घेतेस, त्यातले बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या हॉलमधले असतात. खाली गालिचा किंवा बारीक दाबलेली माती, हवा २० अंशांवर. तिथे मोटर ६५ ला पोचली म्हणजे ती हवेपेक्षा ४५ अंशांनी तापली. तेच पिनियन, तीच मोटर घेऊन तू एप्रिलच्या दुपारी उघड्या मैदानात उतरलीस, हवा ३८ ला आहे, तर ३८ अधिक ४५ म्हणजे ८३. आणि खरं तर थोडं जास्तच, कारण तांबं तापलं की त्याचा विरोधही वाढतो. त्या कागदावरचा एफडीआर चुकीचा नाही, तो त्या हवेचा आहे. म्हणून उन्हाळ्यात मी त्यांच्या आकड्यापेक्षा एक-दोन दाते खालीच सुरू करते आणि मोटरवर छोटा पंखा बसवते. सकाळच्या पहिल्या हीटला गाडी ६० ला असते आणि दुपारच्या फायनलला त्याच पिनियनवर ७५ ला जाते. एकाच दिवसात, अगदी काही न बदलता. सकाळचा आकडा बघून दुपारचं पिनियन ठरवू नकोस.

तर सुरुवात २६ ने. ७.२० हा १७.५ साठी सावध आकडा आहे. बरेच लोक ६ ते ७ च्या दरम्यान पळवतात, पण तिथे पोचायचं ते एकेक पायरी चढत. आधी दोन मिनिटं चालव, थांब, मोज. ठीक असेल तर पाच मिनिटं सलग, शर्यतीत चालवशील तशीच. मग एक दाता वाढव. २७ वरून २८ म्हणजे साडेतीन टक्क्यांहून थोडा जास्त फरक, तो हाताला जाणवतो. दोन दाते एकदम वाढवलेस तर मधली पायरी कशी होती ते कधीच कळणार नाही, आणि बहुतेक वेळा चांगली जागा त्या मधल्या पायरीवरच असते.

पण फक्त थर्मामीटर बघून गिअर ठरत नाही, तो फक्त "इथून पुढे नाही" एवढंच सांगतो. अलीकडे कुठे थांबायचं ते कानाने ठरव. ड्रायव्हर स्टँडवर उभी असताना सरळ पट्ट्यावर मोटरचा आवाज ऐक. वळणातून निघाल्यावर तो चढत जातो. पट्टा अर्धा राहिला असतानाच आवाज चढायचा थांबून एकसुरी झाला, तर गाडीने आपला वेग गाठलाय आणि उरलेला अर्धा पट्टा ती नुसती तेवढ्याच वेगात धावतेय. तिथे एक दाता वाढवायला जागा आहे. ब्रेक मारायची वेळ आली तरी आवाज चढतोच आहे, तर पिनियन मोठं झालंय, मोटर तिच्या खऱ्या फेऱ्यांपर्यंत पोचतच नाहीये. ब्रेकच्या थोडंसं आधी आवाज स्थिर व्हावा, ही माझी खूण. स्वतः चालवताना हे ऐकणं अवघड जातं, हात आणि डोळे गुंतलेले असतात. एखाद्या मैत्रिणीला कुंपणापाशी उभं कर आणि फक्त ऐकायला सांग. किंवा फोनवर आवाज टिपून घे.

उड्या असतील तर त्यांच्याकडेही बघ. आखूड वळणानंतर लगेच डबल, म्हणजे पाठोपाठच्या दोन ढिगाऱ्यांवरची एकच उडी, असेल, तर तिथे गाडीला उडी घ्यायला लागणारा वेग दोन-तीन फुटांत मिळवायचा असतो. मोठं पिनियन लावल्यावर ती डबल चुकायला लागली, पुढची चाकं दुसऱ्या ढिगाऱ्यावर आपटू लागली, तर पट्ट्यावर कितीही वेगात गेलीस तरी उपयोग नाही. उलट सुक्या, भुसभुशीत मुरमावर छोट्या पिनियनने मागची चाकं नुसतीच भिरभिरतात, तिथे एक दाता वाढवल्यावर गाडी शांत होते. १७.५ ची गाडी वेग टिकवूनच जिंकते. वळणात जो वेग ठेवलास तोच तुझा, तो सोडून पुन्हा मिळवायला ही मोटर वेळ घेते. त्यामुळे तुझं चालवणं जसं सुधारेल, वळणात थांबणं कमी होईल, तसं तुला थोडं मोठं पिनियन पेलायला लागेल. आज २६ बरोबर आहे आणि दिवाळीत २८ बरोबर असेल, यात काही विसंगती नाही.

लॅपच्या वेळा बघताना सर्वांत वेगवान लॅपच्या प्रेमात पडू नकोस. सलग दहा लॅप घे आणि त्यांची सरासरी काढ. मग पहिल्या मिनिटातले लॅप आणि शेवटच्या मिनिटातले लॅप शेजारी-शेजारी लिही. शेवटचे हळू झाले असतील आणि तू कुठे उलटलेली नसशील, तर मोटर तापून दमतेय. २९ वर एक लॅप अप्रतिम पडला आणि शेवटचे चार घसरले, २७ वर सगळे एकसारखे पडले, तर शर्यत २७ जिंकतं. पाच मिनिटांची शर्यत आहे, एका लॅपची नाही.

आता जाळी, म्हणजे पिनियन आणि स्पर एकमेकांत किती घट्ट बसवायचे ते. इथे घाई केलीस तर वरचं सगळं वाया. वहीच्या कागदाची बारीक पट्टी दोघांच्या दात्यांमध्ये घाल, मोटर हलकेच दाबून स्परला भिडव, स्क्रू आवळ, मग स्पर फिरवून पट्टी बाहेर काढ. पट्टीवर दात्यांच्या सारख्या घड्या उमटल्या पाहिजेत, पण ती फाटलेली नको. मग पिनियन बोटाने धरून स्पर किंचित मागे-पुढे हलव. अगदी थोडी टकटक जाणवली पाहिजे. स्पर पूर्णपणे गोल क्वचितच असतो, तेव्हा पूर्ण एक फेरा फिरवून चार ठिकाणी बघ आणि जिथे सर्वांत घट्ट आहे तिथेही ती टकटक आहे याची खात्री कर. घट्ट जाळीत मोटर ओरडते आणि तापते, आणि मग आपण उगाच पिनियनला दोष देतो. सैल जाळीत पहिल्याच उडीनंतर स्परचे दाते सोलून निघतात. पिनियन बदललंस की दर वेळी जाळी नव्याने लाव, एकाच दात्याचा फरक असला तरी.

पिनियनला शाफ्टवर धरून ठेवणारा ग्रब स्क्रू शाफ्टच्या चपट्या बाजूवरच बसला पाहिजे आणि त्याला थ्रेडलॉकचा एक थेंब. त्याची ॲलन की काही पिनियनना १.५ मिलिमीटर लागते, अमेरिकन पिनियनना ०.०५० इंच. दोन्ही जवळपास सारख्या दिसतात, पण चुकीची घातली की स्क्रूची खाच गोल होते आणि पिनियन शाफ्टवरून निघेनासं होतं. दोन्ही चांगल्या प्रतीच्या घेऊन ठेव, यात पैसे वाचवू नकोस.

दात्यांचा आकारही जुळावा लागतो. तुझे गिअर ४८ पिचचे आहेत. तुझ्या मित्राकडच्या टामियाचे ०.६ मॉड्यूलचे. ४८ पिच म्हणजे मॉड्यूलमध्ये ०.५३ च्या आसपास. टेबलावर शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक कळत नाही, एकमेकांत बसतातही, आणि दोन मिनिटांत प्लास्टिकचा भुगा होतो. उसनं पिनियन घेताना त्यावर काय कोरलंय ते वाच. आपल्या धुळीसाठी स्टीलचंच पिनियन घे. ॲल्युमिनियमचं हलकं असतं खरं, पण वरचा कडक थर गेला की दाते सुरीसारखे धारदार होतात आणि स्पर खातात. आणि उघड्या स्परवर ग्रीस अजिबात नको. मुरमाची धूळ त्याला चिकटते आणि मग ते पॉलिश पेपरचं काम करतं. कोरडे ठेव, ब्रशने झाड, गिअरचं झाकण लावल्याशिवाय ट्रॅकवर जाऊ नकोस.

मोटरच्या मागच्या झाकणावर टायमिंगच्या रेषा आहेत, त्यांना सध्या हात लावू नकोस. टायमिंग वाढवलं की फेरे वाढतात आणि करंटही, म्हणजे पिनियन एक-दोन दाते खाली आणावं लागतं. ते दोन्ही एकदम बदलणारी मुलं दिवसअखेरीस कशाने काय झालं हे सांगू शकत नाहीत. आधी टायमिंग जिथे आहे तिथे ठेवून पिनियन शोध. ते सापडलं की मग बोलू. स्पीड कंट्रोलर ब्लिंकी मोडमध्येच, म्हणजे स्वतःहून टायमिंग न वाढवणाऱ्या मोडमध्येच, आहे ना, दिवा लुकलुकतोय ना, एवढं मात्र शर्यतीआधी तपास. स्टॉक वर्गात तोच नियम असतो.

फोर-व्हील ड्राइव्हचं किंवा मॉडिफाइड मोटरचं विचारत होतीस. पद्धत हीच, आकडे वेगळे. ७.५ टर्नच्या मोटरला साडेआठ-नऊच्या पुढचा एफडीआर लागतो, तिथे ७.२० लावलं तर धूर निघेल. एक अष्टमांशची मोठी बग्गी चार सेलवर चालते आणि तिच्यात १४-१५ दाती पिनियन असतं, त्यामुळे तिथे एक दाता म्हणजे सात टक्के. ते सगळं पुढच्या वर्षी.

एक आणखी, आपल्या दोघींतलं. एखाद्या दिवशी तू सगळं बरोबर करशील, एफडीआर काढशील, मोजशील, ऐकशील, आणि तरीही बी मेनमध्ये, म्हणजे दुसऱ्या फळीच्या फायनलमध्ये, मधल्या नंबरावर येशील. तेव्हा शेजारचा म्हणेल, "सांगितलं होतं ना, तीस लाव." त्या क्षणी फार वाईट वाटतं. वाटतं की एवढं मोजून काय मिळालं. पण तुझ्या वहीत त्या दिवशी हवा किती होती, पिनियन कोणतं, टायर किती मिलिमीटर, मोटर किती अंशांवर आणि सरासरी लॅप किती, हे सगळं उतरलेलं असेल. त्याच्याकडे नसेल. पुढच्या महिन्यात त्याच ट्रॅकवर तू सकाळी पहिल्याच फेरीला योग्य पिनियनवर असशील आणि उरलेला दिवस चालवण्यात घालवशील, ते शोधण्यात नाही. मला तुझा जो हेवा वाटतो तो याचाच आहे, की तू हे सुरुवातीपासून लिहितेस.

रविवारी बरोबर २५ ते २९ अशी पाच पिनियन घे, दोन ७२ चे स्पर, दोन्ही ॲलन की, कागदाच्या पट्ट्या, काळी टेप, थर्मामीटर आणि व्हर्नियर. तीस घेऊ नकोस, बॅगेत असलं की लावावंसं वाटतं. सराव संपला की मला पाच आकडे पाठव: हवा, पिनियन, टायर, मोटर, सरासरी लॅप. मी दुपारच्या हीटच्या आधी फोन करते.